मेल्यानं बोलायचं नाही

आमच्या गावात मरण फार सोपं होतं. संध्याकाळी जनावरं परत आली, की आम्ही पोरं गावाबाहेरच्या तांबड्या मैदानावर जमायचो आणि अंधार पडेपर्यंत पुन्हा पुन्हा मरायचो. खेळ हुतूतूचा. जनवाड्यापासून दोन कोसांवरचं आमचं गाव. तिथे हुतूतूचा एकच कायदा होता: मेलेला उठतो. समोरच्यांचा एक गडी मारला, की आपला एक मेलेला जिवंत होऊन मैदानात येतो. शहाणे लोक याला संजीवनी म्हणत. आम्ही काहीच म्हणत नव्हतो, कारण याखेरीज दुसरा काही कायदा असू शकतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आणि मी सगळ्यांत सुंदर मरायचो. ही बढाई नाही, याला गाव साक्षी आहे. बाकीचे पाय धरला की गपकन पडायचे. मी आधी डळमळायचो, एका हातानं आभाळ धरायला जायचो, मग गुडघ्यांवर, मग कुशीवर, आणि शेवटी मातीत पसरून "पाणी..." म्हणायचो. पारावरची म्हातारी माणसं हसता हसता खोकायला लागायची. तेवढ्यात आमच्यातला कुणीतरी त्यांचा एक मारायचा आणि मी टुणकन उठून आत. अंगाची माती झटकायलाही वेळ नसायचा.

मला वेळ कधीच नसायचा. बसणं हा प्रकार माझ्या अंगात नव्हता. जेवताना मांडी बदलायचो, शाळेत बाक बदलायचो, झोपेत अंथरूण बदलायचो. अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं. त्या गादीवर मला बसवलं की गिऱ्हाईक येईपर्यंत मी तीन पोती इकडून तिकडे हलवलेली असायची, आणि कुठली तुरीची, कुठली हरभऱ्याची, हे मलाच उमजायचं नाही. अप्पा म्हणायचे, "ह्याच्या बुडाखाली देवानं मांडी दिलीच न्हाई. भवरा दिलाय."

संघाचा म्होरक्या मीच होतो. म्होरक्याचं काम ओरडणं, आणि ओरडण्यात मला तोड नव्हती. मैदानात असो वा मरून बाहेर पडलेला असो, माझं तोंड चालूच. "डावीकडं! पाय बघ पाय! अरे, मागं कोण हाय!" असं सतत. सगळ्यांत जास्त ओरडा खायचा माझा काका. हा काका म्हणजे अप्पांचा सगळ्यांत धाकटा भाऊ, आणि माझ्याहून वर्षभरानं लहान. आमच्या घरात नातं वयाला विचारत नसे. त्याला अरे-तुरे केलं की अप्पांचा हात उठायचा. त्यामुळे मी मैदानात भर खेळात ओरडायचो, "काका, डोळे फुटले का तुमचे? पकडा की हो त्याला!" आणि काका प्रत्येक चढाईच्या आधी मान वळवून माझ्याकडे बघायचा. मी बोट दाखवीन तिकडे जायचा. शांत, काटक पोरगा. त्याला स्वतःची एखादी अक्कल असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्यालाही वाटत असेल असं दिसलं नव्हतं.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्याआधीच्या धामधुमीत चार पोरं एका जागी जमली तरी घरातून हाक यायची. आता जत्रा पुन्हा भरायला लागल्या होत्या. ज्वारी काढून झालेली, रानं मोकळी, बैल मोकळे. हुमनाबादेच्या अलीकडे एका गावच्या जत्रेत हुतूतूचे सामने ठेवलेत अशी बातमी आली आणि माझ्या भोवऱ्याला दोरी मिळाली.

पण त्याच आठवड्यात लातूरहून मामांचा निरोप आला. त्यांच्या दुकानात घरचा, विश्वासाचा माणूस हवा होता. पोराला धाडून द्या. अप्पा जेवताना म्हणाले, "सोमवारच्या मोटारीनं जा."

माझ्या हातातली भाकरी ताटात पडली. लातूर! मामांचं दुकान मी पाहिलं होतं. लांबलचक, अंधारं, आणि त्यात मामा दिवसभर एकाच गादीवर, एकाच कुशीवर. तिथं मी आठवडाभरात वेडा झालो असतो, नाहीतर मामा.

"अप्पा, जत्रा..."

"कामून? जत्रेत तुझं काय अडलंय?"

"सामना हाय. आमचा संघ जायलाय."

"संघ!" अप्पा आईकडे वळले. "ऐकलीस का? मातीत लोळणाऱ्याला संघ म्हणायलाय."

मी मग नाटक केलं. गळा दाटून आणला, ताट सारलं, उपाशी उठायची तयारी दाखवली. आईनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांना नाटक कळायचं. पण ते व्यापारी होते, सौदा त्यांना नाटकाहून जास्त कळायचा. त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि म्हणाले, "जत्रेला मी बी येतो. जिंकलास तर तुला लातूरला धाडणार न्हाई. लिंगाची आण. हरलास तर थितनंच मोटारीत बसायचं, घरी यायचं न्हाई. कबूल?"

"कबूल!" मी इतक्या जोरात ओरडलो की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

जत्रेच्या गावाला आम्ही दोन बैलगाड्यांतून गेलो. सात गडी, अप्पा, आणि जत्रेची हौस असलेली बरीच माणसं. मी गाडीत कमी आणि गाडीमागे जास्त होतो. एका गाडीतून उडी मारायची, दुसरीला गाठायचं, तिथे पैलवानाला चिमटा काढून पुन्हा पहिलीत. पैलवान म्हणजे आमचा सगळ्यांत जाड गडी. त्याला हलवायला दोन माणसं लागायची आणि हसवायला एक चिमटा पुरायचा.

सामने दुपार कलल्यावर सुरू झाले. आमच्यासमोर कडगंचीकडचा संघ होता. काळ्या रानातली पोरं, उंच, पायाला चिखल वाळलेला, आपसांत कानडी बोलणारी. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात एक गडी उभा राहायचा, त्याचे पंजे भाकरी थापायच्या काटवटीएवढे. तो घोटा धरायचा, आणि एकदा धरलेला घोटा त्याच्या हातून सुटलेला मी पाहिला नाही. आम्ही त्याला तिथल्या तिथे मगर नाव दिलं.

पंच होते एक म्हातारे ड्रिल मास्तर. निजामाच्या जमान्यात बीदरच्या शाळेत कवायत शिकवलेले. दाढी मेंदीनं लाल, गळ्यात शिटी, आणि बोलणं पक्कं दखनी. त्यांनी दोन्ही संघांना रेघेवर उभं करून कायदे सांगितले. सात गडी. मेला तो मेला. सगळे मरेपर्यंत कुणी उठणार नाही. सगळे मेले की समोरच्यांचा एक डाव. दोन डाव आधी घेईल तो जिंकला.

आमच्यात कुजबुज झाली. मी पुढे झालो. "मास्तरसाब, पण आमच्यांनी त्यांचा एक मारला तर आमचा एक उठणार न्हाई?"

"कैकू उठता?" मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुर्दा उठता क्या, मियाँ?"

"आमच्या गावात उठतो."

मैदानाभोवतीचे सगळे लोक हसले. मास्तरही हसले, मग त्यांनी शेवटचा कायदा सांगितला, तो बहुतेक माझं तोंड पाहूनच सुचला असावा. मेलेल्यांनी मैदानाबाहेर एका ओळीत बसायचं आणि गप्प बसायचं. "मुर्दा बात किया, तो जिंदों में से एक बाहर. समझे?"

मी मान डोलावली. समजलो मुळीच नव्हतो. डोक्याला कळलं होतं. पाय, हात, जीभ या मंडळींना अजून निरोप पोचायचा होता.

पहिला डाव मी सांगू नये असाच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली चढाई माझी. मी नेहमीसारखा खोल घुसलो, थेट त्यांच्या मागच्या रेघेपर्यंत, कारण आम्ही तसंच खेळायचो: साधलं तर साधलं, नाही तर मेलो. मगरीनं घोटा धरला. मी डळमळलो, आभाळाला हात घातला, गुडघ्यांवर आलो, पसरलो, "पाणी..." म्हटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मास्तर वाकून म्हणाले, "बहुत अच्छा मरे. अब जाके बैठो."

मी जाऊन बसलो आणि उठायची वाट पाहू लागलो. आमच्या पोरांनी पुढच्याच चढाईत त्यांचा एक मारला. मी उठलो! सवयीनं, आनंदानं, हात वर करून थेट मैदानात. मास्तरांची शिटी वाजली. "अरे वो मुर्दे! किधर चले?" माझ्या या फिरण्याला मास्तरांनी बोलण्यातच धरलं आणि आमचा एक जिवंत गडी बाहेर काढला. तो बिचारा माझ्याशेजारी येऊन बसला. थोड्या वेळानं त्यांचा आणखी एक मेला, तेव्हा तोही उठून आत गेला! मग दुसरा. कायदा कळलेला असूनही आमचे मेलेले एकामागून एक उठत होते आणि जिवंतांना मारत होते. लोक पोट धरून लोळत होते. समोरच्यांना आम्हाला हात लावायची फारशी गरजच पडली नाही. डाव गेला.

दोन डावांच्या मधल्या वेळेत आम्ही कडुलिंबाखाली पाणी प्यायला बसलो आणि भांडलो. ह्यानं हे करायला नको होतं, त्यानं ते. मी सगळ्यांत मोठ्यानं. अप्पा दोन हातांत दोन तांबे घेऊन आले. त्यांनी पाणी ओतलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मोटार संध्याकाळी हाय म्हणं."

भांडण थांबलं. पैलवानानं तांब्या खाली ठेवला. "मी न्हाई आता मरत," तो म्हणाला. "मेल्यावर लई वेळ बसावं लागायलंय. माझं बूड दुखायलंय."

"मग काय करायलास?" मी चिडून विचारलं.

"काय न्हाई. हुबा राहतो."

दुसऱ्या डावात आम्ही तेच केलं. काही नाही केलं. रेघेजवळून चढाई, दोन पावलं आत, तीन पावलं बाहेर. कुणी खोल गेलं नाही, कुणी झेपावलं नाही. लोकांना कंटाळा आला. कुणीतरी ओरडलं, "हुतूतू खेळायलाव का शेण थापायलाव?" मला तर रडू येत होतं. असलं भित्रं, कंजूष, व्याजाबट्ट्याचं जगणं मी कधी जगलो नव्हतो. पायांना मुंग्या येत होत्या. पण कडगंचीकडच्यांना आमच्या मरण्याची चटक लागली होती; ते वाट पाहून पाहून वैतागले आणि स्वतःच खोल यायला लागले. जो खोल आला त्याच्यावर पैलवान बसला. असे एकेक करून सहा गेले. मगर शेवटी एकटा उरला आणि चढाईला आला, तेव्हा आम्ही चौघांनी त्याला मिळून उचललं आणि आमच्या मागच्या रेघेबाहेर नेऊन ठेवलं. डाव आमचा.

तिसरा डाव. आता एकच.

अप्पा मेलेल्यांच्या जागेमागे, चार हातांवर, पागोटं मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या मागे ते आणि पुढे मैदान. लातूरचं ते अंधारं दुकान मला अप्पांच्या खांद्याच्या वर तरंगताना दिसत होतं.

डाव सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. मी रेघेजवळून चढाई करत होतो, भित्री, कंजूष चढाई, ठरल्याप्रमाणे. त्यांचा एक गडी पाय पुढे टाकून उभा होता. फक्त एक पाऊल. एकच पाऊल आत गेलो असतो तर शिवला असता. गेलो. मगरीचे पंजे कुठून आले ते मला आजही कळलेलं नाही. या वेळी मी डळमळलो नाही की आभाळ धरलं नाही. तोंडावर पडलो आणि मेलो.

आणि जाऊन बसलो.

वाचकहो, आजवर मी पुष्कळ ठिकाणी बसलोय. लग्नाच्या पंगतीत बसलोय, कचेरीत साहेबाची वाट पाहत बसलोय, मोटार बिघडली म्हणून रस्त्याकडेला बसलोय. पण त्या दुपारसारखा कधी बसलो नाही. मांडी घातली, मोडली. उकिडवा बसलो. हातांनी पायाचे अंगठे धरले, सोडले, पुन्हा धरले. समोर खेळ चालला होता आणि मला सगळं दिसत होतं. म्हणजे, मैदानात उभ्या असलेल्यांना दिसत नाही ते सगळं. मगर प्रत्येक झेपेआधी डावा खांदा खाली सोडतो. मधला गडी लंगडतोय, त्याच्या उजव्या पायात काटा गेलाय. हे ओरडून सांगायचं, की डाव आपलाच! शब्द घशात यायचे, दातांपर्यंत यायचे, आणि मी तोंडावर हात ठेवायचो. मास्तरांचा एक डोळा खेळावर होता आणि दुसरा नक्की माझ्यावर. कडगंचीकडचे प्रेक्षक मला चिडवायला लागले. "ए, सुम्न कुंद्रो!" म्हणजे गप बस. मी गपच होतो! गप आहे हे सांगायला तरी बोलू द्या!

आमचा एकेक गडी मरून माझ्या शेजारी येऊन बसू लागला. कुणी धापा टाकत, कुणी रडत, कुणी नखं खात. शेवटी पैलवान आला. तो बसल्यावर ओळ वाकली. त्यांचेही चार गेले होते. पलीकडे तिघे उरले, मगर त्यांत. आमच्या बाजूला एकटा काका.

काका! ज्यानं माझ्या बोटाशिवाय कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि झालं तेच. दम घ्यायच्या आधी त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे मोठे, तोंड किंचित उघडं. कुठं जाऊ?

मला ठाऊक होतं कुठं जायचं. लंगड्याकडं, काका, लंगड्याकडं! माझं बोट आपोआप उचललं गेलं. मास्तरांनी शिटी ओठांकडे नेली. मी बोट मुठीत दाबलं. पण डोळ्यांचं काय करू? भुवयांचं काय करू? माझा चेहरा म्हणजे वाजंत्र्यांचा ताफा, तो मिटवावा कसा? मग मी खांद्यावरचं उपरणं ओढलं, डोक्यावरून पूर्ण पांघरून घेतलं, आणि मेलेल्यासारखा आडवा पडलो.

लोक हसले. मागून अप्पांचा आवाज आला, "हे काय नवीन?" मी हललो नाही.

उपरण्याखाली तांबूस अंधार होता आणि घामाचा वास. मग मला काकाचा दम ऐकू आला. हुतूतूतूतू. रोज तो घाईघाईनं, भाकरी गिळल्यासारखा दम घ्यायचा. आजचा दम हळू होता, खालच्या पट्टीत, मोटेच्या चाकासारखा एकसारखा. तो दूर गेला. डावीकडे गेला? उजवीकडे? माती घसरल्याचा आवाज झाला. एकदम लोक ओरडले. शेजारून पैलवानानं माझ्या मांडीला करकचून चिमटा काढला. त्याला बोलायची बंदी, मला बघायची मीच घातलेली. चिमटा चांगला की वाईट? मी त्याला परत चिमटा काढला. त्यानं आणखी जोरात काढला. त्यातून काही बोध झाला नाही.

पण दम पुन्हा सुरू झाला. या वेळी दुसऱ्या कुणाचा, नाकातला. म्हणजे त्यांची चढाई. म्हणजे काका जिवंत आहे! त्यांचा माणूस आला आणि गेला. कुणी ओरडलं नाही. पुन्हा काका. मोटेचं चाक. पुन्हा ओरडा, पुन्हा चिमटा. माझी मांडी सुजली होती आणि मी देवाकडे आणखी चिमटे मागत होतो.

मग सगळं शांत झालं.

जत्रा शांत होत नसते. पाळण्याची करकर असते, फुगे असतात, हलवायाची कढई असते. पण माणसाचा आवाज एकही नव्हता. मला वाटलं, संपलं. मी उपरणं काढलं.

मैदानाच्या मधोमध मगर पालथा पडला होता. काका त्याच्या कमरेला मिठी घालून, गाल त्याच्या पाठीवर दाबून, डोळे मिटून पडला होता. पलीकडे त्यांचा एकही गडी उभा नव्हता. मगर एकटाच उरला होता. चढाई करून आला होता आणि काकानं त्याला धरलं होतं. मगरीचा हात मधल्या रेघेकडे पसरलेला, बोटं रेघेपासून वीतभर लांब. बोटं मातीत रुतवून तो काकासकट पुढे सरकत होता. इंच इंच. आणि त्याचा दम अजून चालू होता. ओठ मातीला टेकलेले, त्यातून बारीक हुतूतूतू येत होतं. मास्तर गुडघ्यांवर बसून, लाल दाढी मातीला टेकवून, कान त्याच्या तोंडाशी लावून ऐकत होते. तो दम ऐकू यावा म्हणून अख्खी जत्रा गप्प होती.

बोटं सरकली. आता चार अंगुळं. मी उपरण्याचा बोळा करून तोंडात कोंबला. माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात घट्ट आवळला गेला. बघितलं तर अप्पा. ते कधी सरकत पुढे आले होते कुणास ठाऊक. त्यांचं पागोटं मागे मातीत लोळत होतं आणि त्यांचंही तोंड मिटलेलं होतं.

दम बारीक झाला. डासाएवढा झाला. मगरीचं एक बोट रेघेच्या पांढऱ्या राखेकडे लांबलं, थरथरलं.

मास्तरांनी मान वर केली. "दम टूट गया," ते म्हणाले, अगदी हळू, घरातलं कुणी झोपलंय अशा आवाजात. मग शिटी वाजवली.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी बोलत होतो. तोंडातला बोळा थुंकला आणि दिवसभराचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी काकाला उचललं, पैलवानानं आम्हा दोघांना उचललं. नारळ मिळाला, फेटा मिळाला. काका फेट्यात बुडाला होता, आणि मगर त्याच्यासमोर उभा राहून त्याचे दंड दाबून बघत होता. बैल विकत घेणाऱ्यासारखा.

सकाळी गाड्या जुंपताना अप्पा माझ्याशेजारी आले. मी म्हटलं, "अप्पा, लातूर?"

"आण घातलीय. तुला धाडणार न्हाई." त्यांनी बैलाच्या मानेवर हात फिरवला. "त्याला धाडतो."

"कुणाला?"

"माझ्या भावाला. एकट्यानं तिघांपुढं हुबा ऱ्हायला, आणि काय घाबरला न्हाई. दुकानाला असाच माणूस लागतो."

"पण काका... अप्पा, संघात मग ऱ्हायलं काय? मी जातो लातूरला! काकाला राहू द्या!"

"तू? मेव्हण्याचं दुकान बुडवू का मी?"

मी काकाकडे धावलो. तो गाडीत गवताच्या पेंढीवर बसून नारळाचं खोबरं खात होता. "काका, अप्पा तुमाला लातूरला धाडायलेत! न्हाई म्हणा! मी बोलतो, तुमी फकस्त मान हलवा!"

त्यानं खोबरं गिळलं. "मी जाणार हाय," तो म्हणाला.

"कामून?"

मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, हे मी शपथेवर सांगतो. "काल तू गप होतास न्हवं," तो म्हणाला, "तवा मला लई बरं वाटलं."

मी त्याला दोन शिव्या दिल्या, मग आठवलं की काका आहेत, म्हणून मागे घेतल्या. गाडीला एक फेरी मारली. दुसरी मारली. सहा गडी. सहा गड्यांचा संघ नसतो. शेजारी कडगंचीकडच्यांच्या गाड्या जुंपल्या जात होत्या आणि मगर चाकाला वंगण लावत होता. मी थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"तुमच्याकडं ज्वारी काढून झाली का?"

"झाली."

"मग आता काम?"

"काम कुठलं? पाऊस पडेपर्यंत बसून." त्यानं हात पुसले. "कामून विचारायलास?"

"आमच्याकडं, जनवाड्याजवळ, एक जागा मोकळी झालीय."

तो हसला. मग हसायचा थांबला. "जनवाड्याला माझी अक्का दिलीय," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, भेट न्हाई." मग म्हणाला, "भाकरी कोण देणार?"

"मी देतो! खाशील तितक्या देतो!"

त्यानं आपल्या लोकांना कानडीत काहीतरी सांगितलं. त्यांच्यात गोंधळ झाला. एक म्हातारा त्याला रागावला, दुसरा हसला. मग तो घोंगडी घेऊन आला आणि आमच्या गाडीत टाकली. अप्पांनी त्याच्या पंज्यांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. "हा गाडीत बसला तर बैल पुढच्या वर्षी घरी पोचतील," ते म्हणाले. मगर निमूट उतरला आणि चाकाशेजारी चालायला लागला. मीही त्याच्या बाजूला चालू लागलो, कारण बसणं शक्यच नव्हतं, आणि मैदान, पोरं, पैलवान, सगळं एका दमात त्याला सांगू लागलो.

काकानं गाडीच्या दांडीवरून वाकून त्याला हाक मारली. "माझी जागा उजव्या कोपऱ्यात," तो म्हणाला. "थितं एक दगड वर आलाय. पायाला लागतो. मला न्हाई निघाला. पाऊस झाला की बघा."

"केवढा हाय?" मगरीनं विचारलं.

काकानं खोबऱ्याची वाटी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी दाखवला.